गाबर म्हणजे दोस्त

‘गब्बर’ हा शब्द मराठी माणसाला दोन अर्थांनी ठाऊक आहे. एक, भरपूर पैसेवाला. आणि दुसरा, ‘शोले’मधला दरोडेखोर. डच भाषेत जवळजवळ असाच ऐकू येणारा एक शब्द आहे, ‘गाबर’. त्यातला ‘ग’ घशातून, थोडा ‘ख’कडे झुकवून उच्चारतात. आपल्या गब्बरशी त्याचे काही नाते नाही. डच गाबर म्हणजे दोस्त, सोबती, आपल्यातला एक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात या शब्दाभोवती एक नृत्यसंगीत आणि त्या संगीताचा एक मोठा तरुण समाज उभा राहिला. तोपर्यंत युरोपात नाचासाठी वाजलेल्या संगीतातले ते सर्वांत वेगवान आणि सर्वांत कर्कश संगीत होते.

या संगीताचा इतिहास बहुधा वाद्ययंत्रे, डीजे आणि खपलेल्या सीडी यांच्या आधारे सांगितला जातो. मला तो नावांच्या आधारे सांगावासा वाटतो. कोणी कोणाला काय म्हटले, ते कोणी स्वीकारले, कोणी नाकारले आणि कोणी विकले, हे पाहत गेले की ‘ठोकाठोक’ म्हणून हिणवल्या गेलेल्या या संगीतामागची माणसे दिसू लागतात.

सुरुवात शब्दापासूनच करू. गाबर हा मुळात हिब्रू ‘खावेर’, म्हणजे मित्र. पूर्व आणि मध्य युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश बोलीतून तो अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीत आला. तिथून फेरीवाले, भंगारवाले, भुरटे चोर यांच्या बोलीत आणि मग सर्वसामान्य डच भाषेत शिरला. अ‍ॅमस्टरडॅमचे लाडके टोपणनाव ‘मोकुम’ हेही याच वाटेने आलेले. त्याचा मूळ हिब्रू अर्थ ठिकाण. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘मुक्काम’ आणि हा ‘मोकुम’ एकाच सेमिटिक धातूचे आहेत. १९४० साली जर्मन फौजा आल्या तेव्हा नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. युद्ध संपेपर्यंत त्यांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. ज्या गल्ल्यांमध्ये हे शब्द घडले त्या ओस पडल्या. शब्द मात्र शेजाऱ्यांच्या तोंडी राहिले. पुढे काय घडले ते समजून घेताना हे लक्षात ठेवणे गरजेचे आहे.

त्याच युद्धात, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. युद्धानंतर शहर नव्याने बांधले गेले ते काँक्रीट, रुंद रस्ते आणि गोद्या यांचे. १९६२पासून चार दशके रॉटरडॅम हे जगातले सर्वांत मोठे बंदर होते. कालवे, चित्रे आणि पर्यटक यांचे अ‍ॅमस्टरडॅम एकीकडे आणि हे कामकऱ्यांचे शहर दुसरीकडे. रॉटरडॅममध्ये दुकानातला सदराच बाह्या दुमडलेला मिळतो, अशी तिकडे म्हण आहे. फेयेनोर्ड आणि आयाक्स या दोन शहरांच्या फुटबॉल संघांमधले वैर त्या भेदाला दर हंगामात खतपाणी घालत असे.

नृत्यसंगीतातही हाच भेद उतरला. शिकागोचे ‘हाउस’ आणि डेट्रॉइटचे ‘टेक्नो’ ही मूळची कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणांची निर्मिती. ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात आली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘रॉक्सी’सारख्या क्लबने ती उचलली. कलावंत, फॅशनवाले, पेहराव पाहून आत सोडणारी दारे, असा तिथला थाट. रॉटरडॅममध्ये युरोमास्ट मनोऱ्याजवळच्या उद्यानातला ‘पार्कझिख्त’ हा क्लब अगदी वेगळ्या गर्दीने भरू लागला. तिथे डीजे रॉब वाजवत असे, आणि समोरच्या पोरांना नजाकत नको होती. वेग आणि जोर हवा होता. त्यांना हवे होते तसले संगीत शेजारच्या जर्मनीत तयार होऊ लागले होते. फ्रँकफर्टच्या मार्क अकार्डिपाने याने मेस्कॅलिनम युनायटेड या नावाने १९९० साली काढलेली ‘वी हॅव अराइव्ह्ड’ ही रचना ‘हार्डकोर टेक्नो’ची पहिली मानली जाते. पाठोपाठ १९९१मध्ये रॉटरडॅमच्याच ह्यूमन रिसोर्सची ‘डॉमिनेटर’ आली. तिच्यातला घोंघावणारा सूर रोलँड कंपनीच्या अल्फा जूनो सिंथेसायझरचा. व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजावरून जाणकारांनी त्याला ‘हूव्हर’ असे नाव दिले.

पण या संगीताचा प्राण म्हणजे ठोका. रोलँडच्याच टीआर-९०९ या ताल-यंत्रातला बास ड्रम मुळात गोल, मऊ असतो. रॉटरडॅमच्या पोरांनी तो मिक्सरमधून इतका चढवून सोडला की यंत्राला तो पेलवेना. ध्वनिलहरींचे माथे छाटले गेले, आवाज फाटला आणि त्या फाटण्यातून ठोक्याला सूर आला. कोणताही ध्वनिमुद्रक ज्याला दोष म्हणेल तोच इथे गुण ठरला. साध्या हाउसची लय मिनिटाला १२०-१३० ठोक्यांची. गाबरची १५०पासून १९०पर्यंत, कधी त्याहूनही पुढे. आपल्या संगीतात द्रुत लयीत मात्रा दाट होतात, पण सम कुठे आहे याची खूण राहते. इथे प्रत्येक ठोका समेइतकाच जोरकस. त्यामुळे वाट पाहण्यासारखे काही उरत नाही. शरीर एक तर त्या ठोक्यात शिरते, नाही तर बाहेर पडते. १९९२ची ‘पॉइंग’ ही रचना जवळजवळ एक ठोका आणि एक उसळता ध्वनी यांवरच उभी आहे, आणि तरी ती देशोदेशींच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरली.

नाव मिळाले तेही १९९२च्या सुमारास. हे रॉटरडॅमचे संगीत तुम्हाला कसे वाटते, असे अ‍ॅमस्टरडॅमच्या के.सी. द फंकहॉलिक या डीजेला एका मुलाखतीत विचारले गेले. मौजमजा करणारे गाबर आहेत झाले, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्यात द्वेष नव्हता, पण उंचावरून खाली पाहणे होते. रॉटरडॅमच्या डीजे पॉल एल्स्टाकने ते वाचले. त्याने नुकतीच ‘रॉटरडॅम रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली होती. तिच्यासाठी युरोमास्टर्स या नावाने केलेल्या पहिल्या तबकडीवर त्याने एक वाक्य कोरून घेतले. मतितार्थ असा, की गाबर असण्यात लाज कसली? त्या रचनेचे शीर्षकच ‘अ‍ॅमस्टरडॅम? ते कुठे आले?’ अशा अर्थाचे होते. हेटाळणीचा शब्द उचलून छातीवर लावण्याची रीत जगात नवी नाही. ‘इंप्रेशनिस्ट’ हे नावही एका टीकाकाराच्या टोमण्यातून आलेले. पण इथे एक अधिकचा पदर होता. ज्यू अ‍ॅमस्टरडॅमचा ‘मित्र’ रॉटरडॅमने अ‍ॅमस्टरडॅमकडूनच हिसकावून घेतला, आणि त्या शब्दाचे मूळ फार थोड्यांना ठाऊक होते.

यानंतरचा विस्तार वेगवान होता. १९९२मध्ये तीन तरुणांनी आपल्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘आयडीअँडटी’ ही संस्था काढली. त्याच वर्षी हेरेनवेनच्या बर्फ-स्केटिंगच्या बंदिस्त मैदानात त्यांचा पहिला ‘थंडरडोम’ झाला. मग मोठमोठ्या सभागृहांतून रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली आणि त्याच नावाच्या सीडींची मालिका सुरू झाली. पोरांचा एक वेशही ठरला. मुंडण केलेले डोके, ‘ऑस्ट्रेलियन’ या इटालियन छापाचा झगझगीत आणि महागडा ट्रॅकसूट, पायात नायकी एअर मॅक्स. मुली कानांवरचे केस भादरून वर घट्ट पोनी बांधत. नाचाचे नाव ‘हाकन’, म्हणजे तोडणे, छाटणे. कंबरेवरचे शरीर जवळजवळ स्थिर आणि पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे. १९९४मध्ये रॉटरडॅमचे छायाचित्रकार आरी फर्स्लाउस आणि एली आउटेनब्रुक यांनी या पोरांना एकेक करून, एकाच पवित्र्यात उभे करून त्यांची छायाचित्रे टिपली. ‘एग्झॅक्टिट्यूड्स’ या त्यांच्या पुढे गाजलेल्या मालिकेची ती सुरुवात. ती पाहताना आधी सारखेपणा डोळ्यांत भरतो. थोडा वेळ थांबले की चेहरे वेगळे होऊ लागतात. या समाजाकडे पाहण्याचा तो एक चांगला धडा आहे.

या रात्रींना दुसरी बाजू होती. एक्स्टसी आणि अ‍ॅम्फेटॅमिन यांचे सेवन सर्रास होते. त्याशिवाय इतका वेग इतका वेळ पेलणे अनेकांना जमले नसते. डच शासनाने १९९२मध्येच अशा गोळ्यांत नेमके काय आहे हे तपासणारी यंत्रणा सुरू केली, यावरून प्रश्नाचा आकार लक्षात यावा.

त्याहून मोठा प्रश्न मुंडण केलेल्या डोक्याचा होता. बाहेरच्यांना त्या डोक्यात नवनाझी दिसला. हा आरोप निव्वळ गैरसमज होता असे म्हणणे सोयीचे ठरेल, पण खरे ठरणार नाही. गर्दीत वर्णद्वेष्टे होते. फुटबॉलच्या मैदानावरच्या ज्यूविरोधी घोषणा त्याच शहरातल्या, त्याच वयाच्या पोरांच्या तोंडी होत्या. अतिउजव्या गटांनी या गर्दीत भरती करण्याचा प्रयत्नही केला. पण त्याच गर्दीत सुरिनामी आणि इतर स्थलांतरित कुटुंबांतली मुलेही नाचत होती, आणि आतून विरोधही झाला. डीजे चोझन फ्यू याच्या ‘चोझन अँथम’ या रचनेच्या शीर्षकाला ‘वर्णद्वेषाविरुद्ध’ अशी जोड आहे. अनेक तबकड्यांवर वंशवादविरोधी घोषणा छापल्या गेल्या. ज्यांना नाझी म्हटले जात होते ते स्वतःला एका यिडिश शब्दाने ओळखत होते. हा विरोधाभास कोणाला निर्दोष ठरवत नाही. पण डोक्यावरचे केस पाहून माणसाचे मत वाचता येत नाही, एवढे तो नक्की सांगतो.

गंमत अशी, की भीतीने हे संगीत मेले नाही, हसण्याने मेले. १९९५मध्ये पॉल एल्स्टाकच्याच ‘रेनबो इन द स्काय’सारख्या गोड चालींच्या, वाढवलेल्या आवाजांच्या ‘हॅपी हार्डकोर’ रचना रेडिओवर गाजल्या. पुढच्या एक-दोन वर्षांत विडंबनाची लाट आली. टक्कल आणि ट्रॅकसूट दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचे साहित्य झाले, लहान मुले वाढदिवसाला हाकन करू लागली. ज्याला समाज घाबरतो ते अंगावर मिरवता येते. ज्याला समाज हसतो ते मिरवणे कठीण. १९९०चे दशक संपता संपता गर्दी ओसरली. उरलेल्यांपैकी काहींनी ‘लॉन्सडेल’ छापाचे कपडे धरले आणि २००० नंतर वृत्तपत्रांना नवे नाव मिळाले, ‘लॉन्सडेल तरुण’. काही शाळांनी ते कपडे बंद केले. २००५मध्ये डच गुप्तचर विभागाला या तरुणांवर अहवाल काढावा लागला. कंपनीने मात्र आपल्याला सारे रंग प्रिय आहेत, अशी वंशवादविरोधी मोहीम त्याआधीच हाती घेतली होती.

या संगीताची असंख्य उपनामे मला इथूनच कळू लागतात. टेररकोर, स्पीडकोर, फ्रेंचकोर, इंडस्ट्रियल, हार्डस्टाइल, रॉस्टाइल, अपटेम्पो. बाहेरच्या श्रोत्याला ही यादी हास्यास्पद वाटते, कारण त्याला सगळीकडे एकच ठोका ऐकू येतो. रसिक मात्र त्यांवर रात्री जागवतात. यातले जवळजवळ प्रत्येक नाव एका भांडणाची नोंद आहे. हॅपी हार्डकोरने संगीत गोड झाले, तर ज्यांना ते विकले गेले असे वाटले ते अधिक काळ्या, अधिक वेगवान आवाजाकडे गेले. ज्यांना अंधार नको होता त्यांनी २०००च्या सुमारास वेग दीडशेच्या आसपास उतरवला, ठोका नव्याने घडवला आणि सुरावट परत आणली, ते हार्डस्टाइल. गाबरच्या काळातच नावारूपाला आलेल्या डीजे द प्रॉफेटने २००२मध्ये हार्डस्टाइलसाठी ‘स्कॅनट्रॅक्स’ काढली. ‘क्यू-डान्स’ या संस्थेने २००३पासून ‘डेफकॉन.१’ हा महोत्सव भरवला, तो ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचला. मग हार्डस्टाइल फार गुळगुळीत झाली अशी तक्रार आली आणि तिच्यातून ‘रॉ’, म्हणजे कच्ची, शाखा फुटली. दर वेळी प्रश्न तोच होता : हे अजून आपले आहे का? आपल्याकडे घराणी फुटली तेव्हा वाद गायकीचा होता, तसाच वारसा कोणाचा याचाही होता. इथे गुरू नाहीत, वंशावळ नाही. म्हणून वारसा नावांनीच सांगावा लागतो.

थंडरडोम २०१२मध्ये समारंभपूर्वक बंद झाला आणि २०१७मध्ये उट्रेख्तला पंचविशीसाठी पुन्हा उघडला. त्याच सुमारास नेदरलँड्सच्या जुन्या वसाहतीत, इंडोनेशियातल्या बाली बेटावर, दोघा कलावंतांनी जाथिलान या जावानी नृत्याचा उन्माद, डांगडुट हे तिथले लोकप्रिय संगीत आणि हा ठोका एकत्र केला. त्यांनी आपले नाव ठेवले ‘गाबर मोडस ओपरांडी’. त्यांच्यातल्या कासिमिनने पुढे आइसलँडच्या ब्यर्कसोबत तिच्या २०२२च्या ‘फॉसोरा’ या संग्रहात काम केले. वसाहतीने मालकाच्या कामकरी पोरांचा शब्द उचलला, तोही मालकाला न विचारता.

हे संगीत कोणाला आवडावे असा माझा आग्रह नाही. ते कानांना त्रास देते आणि त्याला ते द्यायचेच असते. पण ‘नुसता गोंगाट’ म्हणून एखाद्या गर्दीचा विषय संपवण्याआधी ती गर्दी स्वतःला काय म्हणते, एवढे तरी विचारावे. रॉटरडॅमच्या पोरांचे उत्तर सगळ्यांत साधे होते. त्यांनी ना स्वतःला बंडखोर म्हटले, ना कलावंत. ती एकमेकांना दोस्त म्हणाली, आणि ज्यांचा तो शब्द मुळात होता त्यांची आठवणही, नकळत का होईना, त्याच्यासोबत जिवंत राहिली.