बीटलची मागची उंची आणि व्हर्नियर

विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. व्हर्नियर कॅलिपर हातात देऊन मुले विचारायची, "सर, हे कशाला?" मी म्हणायचो, परीक्षेला! उत्तर परवा मिळाले, तेही फोक्सवॅगन बीटल या जुन्या मोटारीत.

बीटलला मागे पाटे नाहीत की गुंडाळी स्प्रिंग नाही. दोन्ही बाजूंना एकेक आडवी पोलादी कांब असते, टॉर्शन बार. चाक उचलले की ती पिळली जाते. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. वर्षानुवर्षे पिळून कांब थकते आणि गाडी मागून बसते.

कांबेच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. म्हणजे आतला एक दाता ९ अंशांचा, बाहेरचा साधारण ८ अंश १० मिनिटांचा. एकच टोक दाताभर फिरवले तर गाडी टाचा उंचावून उभी राहील! पण आतून एक दाता पुढे आणि बाहेरून एक मागे घेतला, की फरक उरतो जेमतेम ५० मिनिटांचा.

दोन जवळजवळ सारख्या मापांतल्या फरकाने बारीक मोजायची हीच युक्ती पिअर व्हर्नियर यांनी १६३१ मध्ये छापली. बरोबर ३०० वर्षे आधी. पोर्शेंनी ती तिथून घेतली असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. गंमत म्हणजे जर्मन लोक त्या पट्टीला 'नोनियस' म्हणतात, पेद्रो नुनिश या पोर्तुगीज गणितज्ञाच्या नावावरून. त्याची रीत १५४२ ची, आणि वेगळीच. बिचारा व्हर्नियर!

असो. त्या मुलांपैकी कोणी हे वाचत असेल, तर उत्तराला उशीर झाला एवढे खरे.