शिकणं रमाबाईंचं, शर्ती कुणाच्या?

आज आपण पंडिता रमाबाईंबद्दल बोलणार आहोत. केडगावचं मुक्ती मिशन तुमच्यापैकी पुष्कळजणींना ऐकून माहीत असेल. पण तो आश्रम उभा राहण्याच्या कितीतरी आधी रमाबाई स्वतः परमुलखात विद्यार्थिनी होत्या. पदरात लहान मूल, हाती पैसा नाही, आणि ज्यांच्या आधारावर शिकायचं त्यांचं म्हणणं वेगळं. ती तीन वर्षं आपण समजून घेऊ या, कारण ती ओढाताण आपल्या ओळखीची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं. त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला शिकवलं. पुढे दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश फिरत, पुराण सांगत कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी १८७८ साली या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. नंतर भाऊ वारला. १८८० साली जातीबाहेर लग्न केलं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ साली नवरा पटकीने गेला.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्यापुढे साक्ष देताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मुलींना शिकवायला बायकाच हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात. मग दुसऱ्यांना सांगण्यापेक्षा आपणच डॉक्टर व्हावं असं त्यांनी ठरवलं. तेव्हा त्यासाठी परदेशी जाणं आलं.

'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहून, विकून त्यांनी बोटीचं भाडं जमवलं. इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी सेंट मेरीच्या सिस्टर्सचा मठ होता, आणि त्यांचं काम पुण्यातही चालत होतं. रमाबाईंनी तिथल्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं, सिस्टर्सनी त्यांना ठेवून घ्यायचं आणि इंग्रजी शिकवायचं, असा करार ठरला. म्हणजे फुकट काही नव्हतं, देवाणघेवाण होती. १८८३ च्या एप्रिलमध्ये मनोरमेला घेऊन त्या निघाल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. ती काही महिन्यांतच तिथे वारली.

समाजाने टाकलेल्या बायांना या सिस्टर्स मायेने सांभाळतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनाला भिडलं. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

दुसरा धक्का कानांचा. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरकी सोडून द्यावी लागली. म्हणून १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. गणित, शास्त्र, इंग्रजी साहित्य शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. डोरोथिया बील या तिथल्या प्राचार्य होत्या.

खरी ओढाताण इथे सुरू झाली. मठातल्या आणि चर्चमधल्या मंडळींना वाटत होतं, की ही बाई आता आपली झाली. तिने आधी धर्माची शिकवण नीट घ्यावी, वडीलधाऱ्यांचं ऐकावं आणि परत जाऊन मिशनचं काम करावं. रमाबाईंनाही परत येऊन बायकांसाठी काम करायचंच होतं. पण त्यासाठी पक्कं शिक्षण हवं होतं, आणि धर्मातली गोष्टसुद्धा पटल्याशिवाय त्या मान्य करत नव्हत्या.

भांडण कशाकशावरून झालं पाहा. कॉलेजात काही पुरुषांना संस्कृत किंवा मराठी शिकवायचा बेत निघाला, तर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं, तर तिच्या देशात तिचं नाव खराब होईल म्हणे! रमाबाईंनी लिहून कळवलं, की माझी आई तरुण मुलांना शिकवायची, मीही शिकवलं. माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, मग तुम्ही का घेता?

गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं का नकोत, असंही त्यांनी विचारलं. धर्म बदलला तरी त्यांनी मांसमच्छी खाल्ली नाही, त्यावरूनही बोलणी झाली. मनोरमा वाँटेजला सिस्टर्सजवळ राहत होती. तिला धर्माचं काय शिकवायचं, हे आई ठरवणार की मठ, यावरही वाद झाला.

सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. माया खरी होती. पण आजीबाईंना त्यांचा स्वभाव गर्विष्ठ वाटे, आणि तसं त्या लिहीतही. रमाबाईंनी त्यांना उत्तर दिलं, की आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं आहे, आता तसंच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. बीलबाईंनी तेवढं ओळखलं होतं. हिचे प्रश्न दाबून चालणार नाही, सबुरीने घ्यावं लागेल, असं त्या सांगत राहिल्या.

हे सगळं आपल्याला कळतं ते पत्रांमुळे. रमाबाईंशी वाद घालणाऱ्या जेराल्डिनबाईंनीच ती पत्रं जपून ठेवली. पुढे १९७७ साली ती महाराष्ट्रात पुस्तकरूपाने छापली गेली.

१८८६ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, त्या समारंभाचं बोलावणं आलं होतं. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. रमाबाई तिथेच राहिल्या, बालवाडीचं शिक्षण घेतलं, गावोगाव व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. त्या शाळेत धर्माची सक्ती नाही, हे त्यांनी मदत देणाऱ्यांकडून आधीच कबूल करून घेतलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं.

पण गोष्ट इथे सुखाने संपत नाही. सदन पुण्याला आल्यावर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि लोक बिथरले. १८९३ साली रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलतही नाही, माझं दार उघडं असतं, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. कुणाचं बरोबर, यावर आजही लोक वाद घालतात. आम्हाला एवढंच दिसतं, की वाँटेजला रमाबाई मदत घेणाऱ्या होत्या आणि पुण्यात मदत देणाऱ्या झाल्या. प्रश्न तोच राहिला. आधार देणाऱ्याने आधार घेणारीच्या मनावर किती हक्क सांगावा?

आपल्या गटांनाही हा प्रश्न पडतो. प्रशिक्षण येतं, कर्ज येतं, शिलाई मशीन येतं, आणि मागून शर्ती येतात. या सभेला बसा, अमक्याच्या मागे चला. घरातसुद्धा सून शिकते, ती कुणीतरी परवानगी दिली म्हणून, आणि मग आयुष्यभर ते ऐकून घेते. रमाबाईंनी मदत नाकारली नाही. उपकारही विसरल्या नाहीत, आजीबाईंना पत्रं लिहीत राहिल्या. पण काय शिकायचं, काय मानायचं आणि शिकून काय करायचं, या तीन गोष्टींचा निर्णय त्यांनी आपल्या हाती ठेवला.

पुढच्या बैठकीत यावर बोला. कुठली मदत घेताना कुठली शर्त मान्य केली, आणि कुठली करायला नको होती, हे एकमेकींना सांगा. आणि आपण दुसरीला मदत करतो तेव्हा काय शर्त घालतो, तेही सांगा. ते सांगणं जरा जड जाईल, पण सांगा.