मेकन काउंटी : मुक्तीनंतरचा हिशेब

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो. पण त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. बेड्या तुटल्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी त्यांची मुले-नातवंडे कोणाच्या जमिनीवर राबत होती? त्यांचा हिशेब कोण लिहीत होता? या प्रश्नांची उत्तरे न्यूयॉर्क-शिकागोसारख्या शहरांत मिळत नाहीत, ती खेड्यांत शोधावी लागतात. म्हणून येथे एकाच मुलखाचा, अलाबामा राज्यातील मेकन काउंटीचा, दोन महायुद्धांमधला काळ पाहायचा आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका समजावा. फक्त तिचा शेरीफ, तिचे न्यायालय आणि तिची मतदारयादी तिच्याच मुठीत असते.

दक्षिणेतल्या या पट्ट्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. नाव पडले काळ्या मातीवरून. पुढे ते त्या मातीत राबणाऱ्यांच्या कातडीलाही लागू झाले. १९३० साली मेकनची वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास होती आणि शंभरातले ऐंशीहून अधिक लोक काळे होते. पीक एकच, कापूस. जमीन गोऱ्याची, बहुधा खेचर आणि नांगरही त्याचाच. काळ्या कुटुंबाचे हात. निम्मा कापूस मालकाचा, निम्मा कुळाचा. ऐकायला ही आपल्याकडची अर्धेलीच वाटते. पण खरी मेख वाट्यात नव्हती, खावटीत होती. मार्चपासून ऑगस्टपर्यंत मालक मक्याचे पीठ, डुकराची चरबी, काकवी उधार देई. ते त्याच्याच दुकानातून, त्याच्याच भावाने, व्याज लावून. वही त्याच्याकडे. कापूस विकला की नाताळच्या सुमारास हिशेब होई आणि कुळाच्या अंगावर बाकी निघे. हिशेब चुकला असे म्हणण्याची सोय नव्हती. म्हणणाऱ्याला गाव सोडावे लागे किंवा जीव.

माझे वडील सालदार होते. पाडव्याला साल संपे तेव्हा मालकाच्या ओसरीवर वही उघडली जाई आणि वडील खाली बसून मान हलवीत. मेकनचे वर्णन प्रथम वाचले तेव्हा ते मला परदेशी वाटले नाही.

हे वर्णन ज्याने केले तो चार्ल्स जॉन्सन स्वतः काळा समाजशास्त्रज्ञ होता, फिस्क विद्यापीठातला. मेकनमधल्या ६१२ काळ्या कुटुंबांची पाहणी करून त्याने १९३४ साली ‘शॅडो ऑफ द प्लँटेशन’ हा ग्रंथ काढला. एका-दोन खोल्यांची खोपटी, विहिरीचे वांधे, रोजचे तेच पीठ-चरबीचे जेवण, आणि वर्षाअखेर नफा पाहिलेली घरे बोटावर मोजण्याइतकी. गुलामगिरी कायद्याने जाऊन सत्तर वर्षे होत आली होती, तरी तिची सावली मळ्यावरून हटली नव्हती, हे त्याच्या ग्रंथाचे नावच सांगते.

त्यातच कापसाचा भाव बसला. १९१९ साली पौंडाला पस्तीस सेंट मिळत होते. १९३१ साली सहा सेंटही मिळेनात. बोंडकिड्याने आधीच पिकाची नासाडी केली होती. १९३३ साली रूझवेल्टच्या सरकारने भाव चढवण्यासाठी उभे पीक नांगरून टाकायला लावले, देशभरात सुमारे एक कोटी एकर. आयुष्यभर रोपावर पाय न देण्याची सवय लागलेली खेचरे कापसाच्या ओळीवरून चालायला तयार होईनात, असे सांगतात. माणसांना मात्र तयार व्हावे लागले. नुकसानभरपाईचे पैसे मालकाच्या हाती गेले, आणि पेरा कमी झाल्यावर कुळांची गरजही कमी झाली. अनेकांना खोपटी सोडावी लागली. कल्याणकारी योजना वरून निघते आणि वाड्यावर येऊन थांबते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पण मेकन काउंटी एवढीच असती तर तिच्यावर स्वतंत्र लिहिण्याचे कारण नव्हते. या काउंटीचे मुख्य गाव टस्कीगी, आणि टस्कीगीत काळ्यांची सर्वात नावाजलेली शिक्षणसंस्था. तिचा जन्म एका सौद्यातून झाला. १८८० च्या निवडणुकीत एका गोऱ्या उमेदवाराला काळ्यांची मते हवी होती. लुईस ॲडम्स या पूर्वीच्या गुलामाने मते देऊ केली आणि बदल्यात शाळा मागितली. १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टनने ती उघडली. वीस वर्षांनी, १९०१ च्या राज्यघटनेने, वाचनाची अट, मालमत्तेची अट आणि साठत जाणारा मतपट्टीचा कर लादून अलाबामातल्या काळ्यांचे मत जवळजवळ संपवले. ज्या मताच्या जोरावर शाळा मिळाली ते मत गेले, शाळा राहिली.

शाळेने थोडे केले असे कोणी म्हणू नये. तिच्या प्रेरणेने आणि ज्युलियस रोझेनवाल्डच्या देणगीने १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे पाच हजार शाळागृहे उभी राहिली. त्यांसाठी काळ्या कुळांनी पदरचे पैसे दिले, लाकडे वाहिली. १९२३ साली काळ्या माजी सैनिकांसाठी टस्कीगीत सरकारी इस्पितळ उघडले, संस्थेने दिलेल्या जागेवर. गोऱ्यांना इस्पितळ नको होते, पण पगाराच्या जागा हव्या होत्या. अडचण एकच होती. गोऱ्या परिचारिकेने काळ्या पुरुष रुग्णाची शुश्रूषा करू नये असा अलाबामाचा कायदा होता. त्यावर तोडगा निघाला : पगार गोऱ्या परिचारिकेला, आणि रुग्णाला हात लावायला तिच्या हाताखाली काळी मोलकरीण! स्पर्शाचे शास्त्र फक्त मनूलाच सुचले असे नाही. काळे डॉक्टर येणार म्हणताच जुलैमध्ये क्लू क्लक्स क्लॅनने गावातून मोर्चा काढला. पण संस्थेचा प्रमुख रॉबर्ट मोटन मागे हटला नाही, आणि वर्षभरात इस्पितळ काळ्या डॉक्टरांच्या हाती आले. हा विजय लहान नव्हता.

आता याच गावातली दुसरी गोष्ट. मेकनला लागून उत्तरेस टॅलपूसा काउंटी आहे. तेथे १९३१ पासून वाटेकऱ्यांची संघटना उभी राहत होती, कम्युनिस्टांच्या मदतीने. डिसेंबर १९३२ मध्ये क्लिफ जेम्स या काळ्या शेतकऱ्याची जनावरे कर्जापोटी जप्त करायला शेरीफचा माणूस आला. सोबती दारात उभे राहिले, गोळीबार झाला. जखमी जेम्स कित्येक मैल चालत टस्कीगी संस्थेच्या दवाखान्यात पोहोचला. आपल्या माणसांचा दवाखाना म्हणूनच तो तेथे गेला असणार. डॉ. यूजीन डिबल यांनी त्याच्या जखमा बांधल्या आणि मग मेकनच्या शेरीफला कळवले. जेम्स माँटगोमेरीच्या तुरुंगात मेला. त्याचा सोबती नेड कॉब बारा वर्षे आत राहिला.

डॉ. डिबल यांना एका शब्दात गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते जमत नाही. संस्थेच्या भोवती बंदुका होत्या, क्लॅनचा मोर्चा सगळ्यांच्या ध्यानात होता, एका बंडखोरासाठी शेकडो विद्यार्थ्यांची शाळा जळू द्यायची का, असा विचार त्यांच्या मनात आला असेल. हे सगळे मान्य करूनही तो जखमी माणूस डोळ्यांपुढून जात नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या आणि गावाकडून कोणी आले की आधी दार लोटून घेणाऱ्या आपल्या वर्गाने हा प्रसंग सावकाश वाचावा. त्या वर्गात मी आहेच.

त्याच १९३२ साली याच डॉक्टरांच्या दवाखान्याच्या साहाय्याने अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्याने एक पाहणी सुरू केली. आधी रोझेनवाल्ड निधीने मेकनमध्ये उपदंशाची तपासणी केली होती; तपासलेल्यांत तिघांमागे एकाहून अधिक बाधित निघाले. मंदीत निधीचा पैसा आटला, उपचाराची योजना बंद पडली. मग खात्याने ठरवले की उपचार नाही तर नाही, निदान रोग माणसाला कसा खातो ते पाहू. सुमारे चारशे बाधित पुरुष आणि तुलनेसाठी दोनशे निरोगी. सरकारने रोग टोचला असे आपल्याकडे कधीकधी लिहिले जाते, ते खरे नाही. रोग आधीचाच होता. सरकारने केले ते हे की रोगाचे नाव लपवले, ‘रक्त खराब आहे’ एवढेच सांगितले, पाठीच्या कण्यातून पाणी काढताना तो खास फुकट उपचार असल्याचे भासवले, आणि खरा उपचार रोखला. मेल्यावर शवचिकित्सेला संमती दिली तर दफनाचा खर्च मिळे. ज्याला आयुष्यात डॉक्टर दिसला नव्हता त्याला हे उपकार वाटले. सहा महिन्यांसाठी योजलेला प्रयोग चाळीस वर्षे चालला. पेनिसिलिन आले तरी थांबला नाही. १९७२ साली वृत्तपत्रांत वाचा फुटली तेव्हा तो थांबला, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी क्षमा मागितली ती १९९७ साली.

युनिस रिव्हर्स ही काळी परिचारिका या माणसांना वर्षानुवर्षे गाडीतून तपासणीला आणीत असे. ती त्यांच्या घरी जाई, मयतीला जाई. ते तिला आपली मानत. प्रयोगाचा सगळा डोलारा या विश्वासावर उभा होता. गोऱ्या डॉक्टरांना तो एकट्याने उभा करता आला नसता.

१९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली, तेव्हा मेकनमधला हा प्रयोग चालूच होता आणि दोघांनाही त्याची वार्ता नव्हती.

टस्कीगीत सगळेच मान खाली घालून होते असेही नाही. चार्ल्स गोमिलियन हा समाजशास्त्राचा शिक्षक १९२८ साली तेथे आला. १९३४ पासून तो मतदार म्हणून नाव नोंदवायला जात होता. शिकलेला, करभरणा केलेला. तरी ओळख पटवायला गोरा साक्षीदार हवा म्हणत आणि साक्षीदार मिळत नसे. १९३९ साली त्याने घर बांधायला काढले. गोऱ्या कंत्राटदाराला त्याने सांगितले की साक्ष दिलीस तर काम तुझे. कंत्राटदार त्याच्याबरोबर कचेरीत गेला, आणि गोमिलियनचे नाव यादीत चढले.