नागपूरचे राज्य 'लॅप्स' झाले, म्हणजे नेमके काय झाले?

मार्च महिना आला की सरकारी कचेऱ्यांत निधी 'लॅप्स' होऊ नये म्हणून धावपळ सुरू होते. हप्ता चुकला की विम्याची पॉलिसी लॅप्स होते. सीताबर्डीच्या मेन रोडवर कोणत्याही दुकानदाराशी बोला, हा शब्द त्याला परका वाटणार नाही. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य याच क्रियापदाने संपवले गेले. आजचा धागा या एका क्रियापदाविषयी.

त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे त्याचा अर्थ घसरणे, ओघळणे. कोलॅप्स आणि रिलॅप्स ही त्याचीच भावंडे. इंग्रजीत ते कधी स्मरणातील चुकीसाठी येते, कधी सरलेल्या काळासाठी, कधी बंद पडलेल्या प्रथेसाठी. कायद्यात मात्र त्याला वेगळी धार चढली. इंग्लंडमध्ये चर्चच्या रिकाम्या जागेवर धर्मगुरू नेमण्याचा हक्क एखाद्या जमीनदाराकडे असे. त्याने सहा महिन्यांत नेमणूक केली नाही, तर तो हक्क 'लॅप्स' होऊन बिशपकडे जाई. बिशपने काही हिरावून घेतले असे कोणी म्हणत नसे. हक्क आपोआप घसरत जाऊन वरच्याच्या ओंजळीत पडे. हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात काही करणारा कोणी नसतो. ही व्याकरणाची बारीकसारीक बाब वाटेल, पण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे.

आता सीताबर्डीच्या टेकडीकडे येऊ. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांची लढाई झाली. संख्येने कितीतरी मोठे असूनही भोसल्यांचे सैन्य हरले. पुढच्या वर्षी रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने अप्पासाहेबांना पदच्युत केले आणि एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले. हे तिसरे रघूजी. ते दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे पुत्र, आणि परसोजींच्या विधवा दुर्गाबाईंच्या मांडीवर दत्तक दिलेले. म्हणजे कंपनीने स्वतःच्या सोयीने बसवलेला राजाच दत्तक होता! हे लक्षात ठेवा.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. उत्तरक्रिया यशवंतराव अहिरराव या नात्यातील मुलाने केली. त्याचे दत्तकविधान मान्य व्हावे, अशी राजघराण्याची मागणी होती. सातारा १८४८ मध्येच गेला होता आणि तिकडे झाशीच्या गंगाधररावांना जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. नागपूरचे उत्तर काय येणार, याचा अंदाज राण्यांना असावा.

गव्हर्नर जनरल डलहौसीची मांडणी थोडक्यात अशी: अप्पासाहेबांच्या वर्तनाने हे राज्य १८१८ मध्येच कंपनीचे झाले होते. ते रघूजींना कृपेने दिले. आता औरस पुत्र नाही, दत्तकही झालेला नाही, म्हणून देणगी देणाऱ्याकडे परत आली. दत्तकाने खाजगी मालमत्ता मिळेल, पण सत्ता मिळण्यासाठी कंपनीची मंजुरी लागेल, हे या धोरणाचे सूत्र. रेसिडेंट मॅन्सेलचे मत खालशाच्या विरोधात होते. कौन्सिलमध्ये कर्नल जॉन लो यांनीही विरोध नोंदवला. दोघांचेही चालले नाही. या टिपणात नागपूरच्या कापसाचा आणि इंग्लंडच्या गरजेचाही विचार आहे. जे आपोआप घसरून आले, त्याच्यासाठी इतकी कारणे का जमवावी लागली, हा प्रश्न मला प्रत्येक वाचनात पडतो. १८५६ मध्ये भारत सोडताना लिहिलेल्या अहवालातही डलहौसीने नागपूर केवळ 'लॅप्स'मुळे मिळाले, असेच म्हटले.

मराठीने हा शब्द तेव्हा स्वीकारला नाही. आपण म्हणतो, राज्य 'खालसा केले'. खालसा हा अरबी मुळाचा शब्द फारसीमार्गे आला. मोगली महसुलात जहागिरीत न दिलेली, थेट बादशहाच्या खजिन्याला जोडलेली जमीन ती खालसा. 'खालसा झाले' असेही आपण म्हणतो, हे खरे; पण ते ऐकताच कोणी केले, हा प्रश्न मनात येतोच. इंग्रजी क्रियापद तो प्रश्नच उठू देत नाही. म्हणून 'डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स'चे भाषांतर 'व्यपगत सिद्धांत' असे करण्यापेक्षा जुने 'खालसा धोरण' मला अधिक प्रामाणिक वाटते. स्पर्धा परीक्षेत मात्र दोन्ही लक्षात ठेवा.

करणारा कोण होता, हे सीताबर्डीने डोळ्यांनी पाहिले. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की राजवाड्यातील हत्ती, घोडे, उंट, बैल येथे लिलावात कवडीमोलाने विकले गेले. भोसल्यांचे बहुतेक जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई यांनी हे सारे जिवंतपणी सोसले. यशवंतराव अहिरराव हेच पुढचे जानोजी भोसले. १८५७ नंतर त्यांना सातारा जिल्ह्यातील देऊरची जहागीर आणि राजेबहादूर किताब मिळाला. राज्य मात्र परत मिळाले नाही.

आणखी एक नोंद. १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा लंडनच्या पार्लमेंटने इंग्रजीत केला. त्याच्या सातव्या कलमात संस्थानांवरील ब्रिटिश राजाची अधिसत्ता संपल्याचे सांगितले आहे. 'आम्ही ती सोडतो' किंवा 'परत देतो' असे तेथे लिहिलेले नाही. मूळ इंग्रजी मसुदा काढून त्या कलमातील क्रियापद पाहा. ते 'लॅप्स' आहे.