बेशुद्ध पडणारी चिलटे

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटे परभणी जिल्ह्यातल्या बोरीतही दिसतात आणि मुंबईतही. आपण ती हाताने हाकलतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करणाऱ्या ओबेद सिद्दिकींनी मात्र पुढे ती मुद्दाम पाळली.

ऊब वाढवली की लुळी पडणारी चिलटे निवडायची, म्हणजे चेतासंस्थेतला बिघाड हाती लागेल, अशी ही युक्ती होती. अशा चिलटांविषयी सिद्दिकी आणि अमेरिकेतील सीमूर बेंझर यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतला एक वाण गारवा मिळाल्यावरही बराच वेळ निपचित पडून राही. म्हणून त्याच्या जनुकाला 'कोमाटोज', म्हणजे बेशुद्ध, असे नाव मिळाले. हे जनुक कोणते प्रथिन बनवते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

उत्तर दुसऱ्याच वाटेने आले. पेशीतला माल पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांतून, म्हणजे पुटिकांतून, जातो. पुटिका पडद्यात मिसळली की माल बाहेर पडतो. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो असाच. एन-एथिलमॅलीमाइड हे रसायन घातले की ही वाहतूक थांबते. त्याचा घाव ज्या प्रथिनावर बसतो, ते जेम्स रॉथमन यांच्या गटाने १९८८ साली वेगळे केले. त्याचे नाव एनएसएफ. रँडी शेकमन यांना यीस्टमध्ये सापडलेले सेक-१८ हे जनुक याच प्रथिनाचे, असे १९८९ साली दिसले. आणि १९९५ साली उलगडले की 'कोमाटोज' हे चिलटाचे एनएसएफच! आपल्या पेशींतही ते आहे.

ते पुटिका जोडते, असे आधी वाटले होते. खरे तर जोडणीचे काम 'स्नेअर' प्रथिने एकमेकींभोवती पीळ घालून करतात. एनएसएफ ऊर्जा खर्चून तो पीळ उकलते. पीळ उकलला नाही, तर तीच प्रथिने पुन्हा वापरता येत नाहीत. तापलेल्या चिलटाच्या चेतापेशींत पुटिका साचून राहतात आणि निरोप थांबतो.

सिद्दिकी २६ जुलै २०१३ रोजी वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुटिकांच्या वाहतुकीवरील कामासाठी रॉथमन, शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

चिलट उठत का नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकोणीस वर्षे लागली. वर्गात एखाद्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आले नाही, तर तो प्रश्न निदान फळ्यावर लिहून ठेवूया.