मुंबईचा कोट : उभारणी, पाडकाम आणि आपण

सांगोला आणि किल्ला यांचे नाते जुने आहे. इ. स. १७५० मध्ये यमाजी शिवदेव यांचे बंड मोडण्यासाठी सदाशिवरावभाऊ येथे आले आणि त्याच वेळी झालेल्या 'सांगोल्याच्या करारा'ने मराठी राज्याची सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली. तथापि आज मी लिहिणार आहे ते दुसऱ्या एका कोटाविषयी. व्यापारानिमित्त आपण सर्वजण मुंबईस जातो. 'फोर्ट', 'चर्चगेट', 'बझारगेट' ही नावे सहज उच्चारतो. परंतु तेथे ना कोट दिसतो, ना वेस. मग ही नावे आली कोठून?

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई १६६८ मध्ये मिळाली. पुढे चार्ल्स बून गव्हर्नर असताना (१७१५–२२) शहराभोवतीची तटबंदी पुरी झाली. तिला चर्चगेट, अपोलो गेट व बझारगेट अशा तीन वेशी होत्या. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईकर धास्तावले. तटाबाहेर खंदक खोदण्याचे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. लष्करी वास्तूलाही व्यापाऱ्याचा हातभार लागला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शत्रू दुरून दिसावा आणि तोफांचा मारा नीट करता यावा, म्हणून तटासमोर विस्तीर्ण मैदान मोकळे ठेवण्यात आले. उत्तरेस १७६९ मध्ये फोर्ट जॉर्ज हा किल्ला बांधला गेला.

ज्या भयापोटी कोट उभा राहिला, ते भय १८१८ नंतर राहिले नाही. उलट कोटाचीच अडचण होऊ लागली. १८०३ च्या भीषण आगीत आतील दाट वस्तीचा धोका आधीच दिसून आला होता. खंदकात घाण साचे, अरुंद वेशींत गाड्यांची कोंडी होई. अखेर सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६२ पासून तट पाडण्यात आला, खंदक बुजविण्यात आला आणि फोर्ट जॉर्जही गेला. त्याचा थोडा अवशेष सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ आहे. चर्चगेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले.

हा काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. त्या तेजी-मंदीचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद हे आपल्या जैन समाजातील. त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. कोटाबाहेरच्या त्या जुन्या मोकळ्या मैदानाच्या भागात १८७८ मध्ये त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला. मातोश्रींना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळता यावा म्हणून घड्याळाचे टोले त्यांना उपयोगी पडत, असे सांगितले जाते. जेथे तोफांसाठी जागा राखली होती, तेथे ज्ञानमंदिर उभे राहिले! या परिसरातील वास्तुसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

म्हणजे प्रत्येक पाडकाम वाईटच, असे नाही. आपली अनित्य भावना हेच शिकविते की, वास्तू काय, वैभव काय, काही कायम टिकत नाही. परंतु वास्तू जाणे वेगळे आणि तिची स्मृती जाणे वेगळे. मुंबईच्या कोटाचे नकाशे व चित्रे राहिली, म्हणून आज त्याचा इतिहास सांगता येतो. माझ्या हातून मात्र चूक घडली. वडिलोपार्जित दुकान पाडून नवे बांधताना आजोबांच्या काळातील रोजमेळ व खतावण्या मी रद्दीत घातल्या. त्यांच्याबरोबर तीन पिढ्यांची ओळख गेली. आज नातू विचारतो, तेव्हा दाखविण्यास एक पानही नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांना व समाजबांधवांना नम्र विनंती आहे. जीर्णोद्धार अवश्य व्हावा. मात्र जुन्या वास्तूवर पहार पडण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे, दात्यांच्या नावांच्या फरशा आणि जुनी दप्तरे जतन व्हावीत. पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका लिहिणाऱ्याला आपण निदान एवढे तरी देऊन जावे.

जय जिनेंद्र!