अस्मानी किती, सुलतानी किती?

दौलताबादचा किल्ला पाहावयास जाणारा प्रवासी चांदमिनार पाहतो, मेंढा तोफेवरून हात फिरवितो, अंधारीतून वाट काढीत वरच्या बारादरीपर्यंत चढतो आणि तेथून चौफेर पसरलेला मुलूख पाहून श्रमाचे सार्थक झाले असे मानतो. वाटाड्या त्याला यादवांचे वैभव सांगतो, महंमद तुघलकाचा राजधानी हलविण्याचा लहरीपणा सांगतो. ज्या मुलुखाकडे तो पाहत असतो, त्या मुलुखात इ. स. १६३० ते १६३२ या काळात माणसांचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. किल्ल्यावर त्याची खूण नाही, आणि पूर्वीची खडकी, नंतरचे फत्तेनगर व औरंगाबाद, म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर, ह्या शहरातही ती शोधून सापडावयाची नाही.

त्या दुष्काळाचे वर्णन करणारा मुख्य साक्षीदार शत्रूपक्षाचा नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शहाजहान बादशहाच्या दरबारी इतिहास लिहिणारा अब्दुल हमीद लाहोरी याने 'बादशहानामा' या ग्रंथात तो नमूद केला आहे. बालाघाटात आदल्या वर्षीच पाऊस झाला नव्हता आणि दौलताबादच्या आसपास अवर्षण विशेष कडक होते. पुढच्या वर्षी दख्खन व गुजराथ या दोन्ही प्रांतांत पावसाने पुरतीच पाठ फिरविली, असे तो सांगतो. बाजारात बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले गेले. मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली गेली. आणि अखेर माणसाने माणूस खाल्ला. फारशी दरबारी लेखणीला अलंकाराची हौस मोठी, हे खरे. परंतु धन्याच्या कारकीर्दीला काळिमा लागेल असे काही पदरचे घालण्याचे या लेखकास कारण नव्हते. शिवाय इंग्रज व डच वखारवाल्यांची पत्रे त्याच्या म्हणण्यास दुजोरा देतात. सुरतेजवळच्या सुहाली गावात २६० कुटुंबांपैकी जेमतेम दहा-अकरा उरली, असे त्या पत्रव्यवहारात आहे. एका डच अहवालाने १६३१ च्या ऑक्टोबरपर्यंत गुजराथेत ३० लक्ष आणि अहमदनगरच्या मुलुखात १० लक्ष माणसे मेल्याचा अंदाज दिला आहे. व्यापाऱ्यांचा हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे; तरीही कापडाचे भाव आणि विणकऱ्यांची संख्या यांवर ज्यांचे पोट अवलंबून होते त्यांनी तो केलेला आहे, आणि असे लोक आकडा उगाच फुगवीत नाहीत.

पाऊस पडला नाही हे निर्विवाद. प्रश्न एवढाच की, तेवढ्याने इतकी माणसे मरतात काय?

त्या सालचा दख्खन पाहावा. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला होता. खडकी वसविणारा, नहरीने तिला पाणी आणणारा आणि जमीनमहसुलाला काही शिस्त लावणारा हा हबशी वजीर गेल्यावर निजामशाही निर्नायक झाली. १६२९ च्या जुलैत लखुजी जाधवरावांसारखा मातब्बर सरदार खुद्द दौलताबादेत दग्याने मारला गेला. त्याच साली खानजहान लोदी बादशहाविरुद्ध बंड करून निजामशहाच्या आश्रयास आला, आणि त्याचा पाठलाग करीत शहाजहान स्वतः १६३० च्या मार्चमध्ये बऱ्हाणपुरास येऊन राहिला. तेथून मोगली फौजा बालाघाटात उतरल्या. शत्रूचा मुलूख मारणे, उभी पिके तुडविणे, गुरे हाकून नेणे ही त्या काळच्या युद्धाची रूढ पद्धत होती. कोणी त्यास क्रौर्य म्हणत नसे, मोहीम म्हणत. आझमखानाने १६३१ च्या आरंभी धारूर घेतले, पण परांड्याचा वेढा त्याला उठवावा लागला, कारण कित्येक कोसांत गवताची काडी उरली नव्हती. जनावरांना चारा नाही म्हणून बादशाही फौज माघारी फिरते, त्या मुलुखातील कुणब्याने काय खाल्ले असेल, हे दरबारी बखरकार विचारीत नाही. विजापूरकरांकडूनही काही वेगळे घडले नाही. त्यांचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून तेथे गाढवांचा नांगर फिरविल्याची आठवण मराठी माणसाने अद्याप जपली आहे. तीही ह्याच सुमाराची.

पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा नोकर १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. त्याच्या रोजनिशीत रस्त्याच्या कडेची प्रेते आहेत, शेणातून दाणे वेचणारी माणसे आहेत, पोटची पोरे देऊन टाकणारे आईबाप आहेत. पण त्या प्रवासातून निघणारी सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. माळव्यात धान्य होते. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर ते वाहतही होते. मात्र त्या तांड्यांची तोंडे उपाशी गुजराथेकडे वा बालाघाटाकडे नव्हती. ती बऱ्हाणपूरच्या छावणीकडे होती. ज्याच्यापाशी खजिना व फौज, त्याच्याकडे धान्य जाते. आणि बादशहाची छावणी म्हणजे एक चालते शहरच. दुष्काळी मुलुखाच्या तोंडाशी दोन वर्षे ते शहर जेवीत बसले होते.

शहाजहानने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे त्याने लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपयेप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले. अहमदाबादेस आणखी पन्नास हजार दिले. खालसा मुलुखात सुमारे ७० लक्ष रुपयांचा सारा माफ केला. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे. परंतु लंगर कोणत्या गावी होते ते पाहिले म्हणजे दयेची सीमा कळते. जेथे अवर्षण सर्वांत कडक असे स्वतः बादशहाचा इतिहासकार लिहितो, त्या दौलताबादेचे नाव यादीत नाही. ती जागा शत्रूची होती. तिकडे फौज जावयाची, खिचडी नव्हे.

ह्याच बऱ्हाणपुरात १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बाळंतपणात वारली. तिच्या स्मारकास सारे जग ओळखते. त्या स्मारकाचा पाया घातला गेला तेव्हा बालाघाटातील गावेच्या गावे ओस पडलेली होती, हे ताजमहालाच्या वर्णनात लिहिण्याची पद्धत नाही.

दोन वर्षांनी उपासमार किल्ल्याच्या आतही शिरली. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादेस वेढा घातला. आत मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान व अल्पवयी हुसेन निजामशहा. विजापूरच्या फौजा व शहाजी राजे बाहेरून धान्याचे बैल आत घालण्याची शिकस्त करीत होते आणि मोगल ते बैल पकडीत होते. ज्या कड्यावर तोफगोळ्याचे काही चालत नसे, तो कडा अखेर भुकेने जिंकला. शिबंदीवर मेलेल्या जनावरांची कातडी खाण्याची पाळी आली आणि जूनमध्ये किल्ला पडला. फत्तेखानाला पैसे मिळाले, लहान निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली.

ह्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १९३२-३३ मध्ये, युरोपातील धान्याचे कोठार म्हणविणाऱ्या युक्रेन देशात जो दुष्काळ पडला, त्याची येथे आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही. तेथे अस्मानीचा अंश थोडा; सुलतानीने सारे केले. स्टालिनच्या सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढल्या, धान्यवसुलीचे अशक्य आकडे ठरविले, आणि ते न भरणाऱ्या गावांची नावे काळ्या यादीत घालून तेथील दुकानांतला मालही काढून नेला. १९३२ च्या ७ ऑगस्टच्या कायद्याने शेतातली मूठभर कणसे उचलणाऱ्यासही देहान्त किंवा दहा वर्षे कैद ठरली. १९३३ च्या २२ जानेवारीस उपाशी शेतकऱ्यांस युक्रेनबाहेर जाऊ न देण्याचा हुकूम सुटला. त्या काळात परदेशी धान्य रवाना होतच होते. अभ्यासकांच्या हिशेबाने युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ३९ लक्ष माणसे मेली. १९३७ च्या शिरगणतीत माणसे कमी भरली, तेव्हा सरकारने शिरगणतीच रद्द केली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांस अटक केली. पुढे पन्नास वर्षे त्या देशात हा दुष्काळ उघडपणे उच्चारावयाचा शब्द नव्हता. १९८३ मध्ये कॅनडातील एडमंटन शहरी परागंदा युक्रेनियनांनी त्याचे स्मारक उभारले. खुद्द सोव्हिएत युक्रेनमध्ये त्याची जाहीर कबुली १९८७ च्या डिसेंबरात मिळाली. आज तेथे नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी घरोघर खिडकीत मेणबत्ती लावितात. कीव्हच्या स्मारकापुढे ओंजळीत कणसे धरलेली एक कृश मुलगी उभी आहे. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील गावांच्या नि मृतांच्या नावांचे खंड प्रसिद्ध झाले आहेत.

बालाघाटचा दुष्काळ आणि युक्रेनचा दुष्काळ एकाच मापाने मोजू नयेत. शहाजहानला निजामशाही जिंकावयाची होती. तेथील कुणबी उपाशी मरावा असा त्याचा बेत नव्हता, त्याच्या मरण्याची पर्वा नव्हती इतकेच. युक्रेनमध्ये उपाशी माणसांच्या वाटा बुद्धिपुरःसर अडविल्या गेल्या. त्यास वंशसंहार म्हणावे काय, ह्यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. युक्रेनच्या संसदेने २००६ मध्ये कायद्याने तसे म्हटले आहे. बेफिकिरी आणि बेत यांत भेद आहे, आणि शिक्षकाने तो विद्यार्थ्यांपुढे स्वच्छ मांडला पाहिजे. भेद पुसून दोन्हींस नुसते 'दुष्काळ' म्हणावयाचे, आणि आभाळाकडे बोट दाखवून धडा संपवावयाचा, ही मात्र अध्यापनातील जुनी सोय होय. सनावळीच्या पाठात १६३० हे साल मुलांना उत्तम ठाऊक असते, कारण त्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याच वर्षीचा पावसाळा कोरडा गेला, हे त्याच तासाला सांगता येण्यासारखे आहे. आणि वडिलांचे रणांगण कोणत्या मुलुखात होते हेही. ते बाल्य कोणत्या देशात गेले, ते त्यावाचून कळत नाही.

मराठी स्मरणशक्तीने हा काळ अगदीच टाकून दिलेला नाही. देहूचे वाणी तुकोबा ह्याच दुष्काळात बुडाले. व्यापार गेला, प्रतिष्ठा गेली, पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, आणि मुलगाही गेला. तुकारामचरित्र वाचणारे घर ह्या उपासमारीचे एक पान वाचीतच असते; मात्र ते वैराग्याचे कारण म्हणून वाचले जाते, इतिहास म्हणून नव्हे. दुसरे स्मरण भाषेत आहे. 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द मराठी महसुली कागदांतून सूट देण्याच्या कारणांत येतो. ज्या कुणब्याने व कारकुनाने तो रूढ केला, त्याने दोन कारणे निराळी ओळखली होती आणि दोन्ही एका श्वासात उच्चारली होती.

एकट्या अस्मानीने काय होते, ह्याचा पडताळा ह्याच प्रदेशास १९७२-७३ मध्ये आला. पाऊस तेव्हाही गेला, विहिरी आटल्या, गुरे छावणीत गेली. पण मोहीम नव्हती, तांड्यांचा मार्ग कोणी वळविला नव्हता. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लक्ष माणसे खडी फोडण्याच्या आणि तलाव-बंधाऱ्यांच्या सरकारी कामांवर होती. हाल पुष्कळ झाले, मजुरी अपुरी होती आणि मिळण्यास उशीर लागे. त्या कामांवरची सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी यांची चव वयस्कर मंडळींच्या जिभेवर आहे. परंतु गावे मेली नाहीत.

१६३० नंतर मात्र गावे मेली होती. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा, वीस वर्षे लोटल्यावरही, कागदावरची जमा व हाती येणारा वसूल यांत मोठी तफावत होती आणि तो बापाकडे तक्रारीची पत्रे लिहीत होता. त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने जमिनीची मोजणी केली, बैल-बियाण्यासाठी तगाई दिली, पळालेल्या कुळांना परत बोलावून ओसाड गावी वसविले. ज्या गावी कोणीच परतले नाही, त्यास महसुली भाषेत बेचिराग म्हणतात: दिवा न लागणारे गाव. त्याची शीव असते, शिवारे असतात, दप्तरात नावही असते. मराठवाड्याच्या महसुली दप्तरांत अशी गावे आजही दाखल आहेत. दिवा कोणत्या साली गेला, त्यासाठी रकाना नाही.